चिखलाचा हेवा

ऑक्टोबर आला की मला माझ्या बायकोचा हेवा वाटायला लागतो.

बाकीचे महिने बरे जातात. पावसाळ्यात आम्ही दोघंही आपापल्या छत्र्या नि आपापले खोकले सांभाळत असतो, थंडी मुंबईत फारशी येतच नाही आणि उन्हाळ्यात सगळ्यांचेच हाल सारखे. पण पाऊस निघून गेला, आभाळ धुतल्यासारखं निळं झालं आणि सकाळी आठलाच लालबागच्या पत्र्यांवरून ऊन डोळ्यांत घुसायला लागलं, की माझ्या आत काहीतरी करपायला लागतं. या दिवसांना पंचांग शरद म्हणतं. आम्ही नुसतं ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतो आणि कपाळ पुसतो. नवरात्राचे मांडव उतरलेले असतात, बांबूंच्या राशी फुटपाथवर पडलेल्या असतात. दुपारी समुद्रावरून वारा येतो म्हणतात, पण तो आमच्यापर्यंत पोचायच्या आधीच टॉवरांमध्ये कुठेतरी हरवतो. जाड पँटसुद्धा तासाभरात वाळते, तेवढंच काय ते सुख.

यंदाही तसाच ऑक्टोबर आला आहे आणि नेहमीसारखा मी परळला एका बंद गिरणीच्या जागेवर उभा आहे. इथे टॉवर होणार आहे. टॉवरच्या आधी आम्ही येतो. जमिनीत बोअर घेतो, खालची माती आणि दगड नळीतून वर काढतो, लाकडी पेटीत ओळीने मांडतो आणि पाया किती खोल घ्यायचा ते सांगतो. वरती असतो भराव: विटांचे तुकडे, कोळशाची राख, कधी फुटक्या कपाचा कान. त्याखाली खाडीची काळीशार चिकट माती, तिच्यात शिंपल्यांचा चुरा. मग मुरूम आणि सगळ्यात खाली काळा पाषाण. नळीतून वर येणाऱ्या या लांबट नमुन्याला कोअर म्हणतात. इमारत उभी राहिली की आमच्या कोअरच्या पेट्या कुणीतरी उचलून टाकून देतं. त्यांचं काम झालेलं असतं.

माझी बायको सुजाता हीसुद्धा कोअरच काढते. फक्त ती अरबी समुद्राच्या तळातून काढते. तिचे कोअर थंडगार खोलीत, कापडात गुंडाळून, नाव घालून जपून ठेवतात, कारण त्या चिखलात हजारो वर्षांचे पावसाळे साठलेले असतात. कुठल्या काळी पाऊस जोरात होता, कुठल्या काळी रुसला होता, हे ती त्यातून वाचते. माणसाचा धूर नव्हता, गिरण्या नव्हत्या, तेव्हासुद्धा पृथ्वीचं हवामान का बदलायचं, हा तिचा विषय.

आम्ही दोघं एकाच कॉलेजात, एकाच बाकावर भूशास्त्र शिकलो. तिच्यापेक्षा मला दोन मार्क जास्तच असायचे. एम.एस्सी.नंतर तिने पीएच.डी. धरली, मी नोकरी धरली. कुणी जबरदस्ती केली नाही. मला वाटलं होतं, दोन-तीन वर्षांनी आपणही जाऊ. ती दोन-तीन वर्षं अजून संपायची आहेत.

हेवा हा शब्द त्यातल्या त्यात सभ्य आहे. मत्सर म्हटलं की पुराणातलं कुणी दात-ओठ खात उभं राहतं. हेवा तसा नसतो. तो जेवताना आपल्या शेजारी बसतो, बायकोच्या ताटात भात वाढतो, तिच्या पुरस्काराच्या समारंभाला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो. टाळ्या खऱ्याच असतात. तेच तर अवघड आहे.

मी सांगतोय तो ऑक्टोबर काही वर्षांपूर्वीचा. पाऊस गेला की समुद्र शांत होतो आणि संशोधनाची जहाजं निघतात. त्या वर्षी एका जहाजावर सुजाताला जागा मिळाली. महिन्याहून जास्त दिवस समुद्रात. घरात बॅग भरणं सुरू झालं. माझ्या आईने, म्हणजे तिच्या सासूने, दारात उभं राहून विचारलं, “काय गो, दर्यात चिखल काढूक जातंस? चिखल हयसर परळात गावना नाय?”

सुजाता हसली. “आई, परळातला चिखल तुमच्या मुलाचा. मला दुसरा पाहिजे.”

ती सहज बोलली. मीही हसलो. पण ते वाक्य मला कुसळासारखं लागून राहिलं.

गोदीच्या गेटापर्यंत तिला सोडायला मी गेलो, आणि तिचे वडील, आप्पा, तेही आले. आप्पा घोडपदेवला चाळीत एकटेच राहायचे. सुजाता त्यांची एकुलती एक, तिची आई लवकर गेली. आप्पांचं अर्धं आयुष्य गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, गेलं, आणि त्या वर्षांचा कापूस त्यांच्या छातीत राहिला. चार पायऱ्या चढले की थांबायचे, दम घ्यायचे आणि कुणी बघत असेल तर चप्पल नीट करतोय असं दाखवायचे. गेटावर त्यांनी लेकीला जयभीम केला. कार्यकर्त्याला करावा तसा, ताठ. ती आत गेल्यावर मात्र बराच वेळ तिथेच उभे राहिले. मी टॅक्सी बघायला लागलो तर म्हणाले, “थांब रे. भोंगा होऊ दे.” जहाज सुटताना भोंगा वाजेल असं त्यांना वाटत होतं. आम्ही उन्हात उभे. भोंगा काही ऐकू आला नाही.

जाताना सुजाताने मला एकच सांगितलं होतं, “आप्पांकडे बघशील ना?” म्हणून साइटवरचं काम आटपलं की मी रोज संध्याकाळी घोडपदेवला जायला लागलो. आई डब्यात कधी बांगड्याचं तिखलं द्यायची, कधी नुसती सोलकढी. आप्पा खिडकीशी बसलेले असायचे. पंखा फिरायचा, पण हवा गरमच. बाहेर गॅलरीत बायका मिरच्या वाळवायच्या. त्या उन्हाला मिरचीचा वास होता.

जहाजावरून सुजाताचा फोन अधूनमधून यायचा. आवाज उशिरा पोचायचा. मी बोललेलं तिला दोन श्वासांनी ऐकू जायचं आणि तिचं मला. त्यामुळे आमची वाक्यं एकमेकांवर आपटायची. तिच्या आवाजात मात्र मी कधी न ऐकलेला वारा असायचा. “आज आम्ही मोठा कोअर काढला, संजय! अख्खी नळी भरून आली. आम्ही सगळे डेकवर नाचलो.” आम्ही. या शब्दापाशी मी अडकायचो. कॉलेजात असताना आम्ही म्हणजे ती आणि मी असायचो. आता त्या शब्दात मी ओळखत नसलेली माणसं होती, वारा होता आणि गुडघ्यापर्यंत चिखल होता. तिच्या जहाजावर कुणी देखणा पुरुष असेल याचा मला हेवा नव्हता. देवाशपथ सांगतो, मला त्या चिखलाचा हेवा होता.

“काय म्हणली?” आप्पा विचारायचे.

“मोठा कोअर मिळाला म्हणाली.”

“त्याच्यात काय असतंय पण? चिखल बघून पाऊस कसा कळतो? ती सांगते मला दरवेळी, पण तू सांग.”

मला उत्साह नव्हता. दिवसभर ऊन खाल्लेलं असायचं. बायकोचं कौतुक बायकोच्या वडिलांना समजावून सांगायचं, याला फार मोठं मन लागतं. पण आप्पा माझ्याकडे असे बघायचे की टाळता यायचं नाही. मग मी सांगायचो. समुद्राच्या पाण्यात खसखशीच्या दाण्याहून बारीक जीव असतात, त्यांना कवच असतं. पावसाळी वारे जोरात वाहिले की खालचं थंड पाणी वर येतं, आणि त्या थंड पाण्यात एका जातीचे जीव सपाटून वाढतात. मेले की त्यांची कवचं तळाला बसतात. त्यावर पुढच्या वर्षीची, त्यावर त्याच्या पुढची. ज्या थरात ती कवचं जास्त, त्या काळी मान्सून तगडा.

आप्पांनी खिडकीतून आभाळाकडे बघितलं. मग म्हणाले, “म्हणजे पाऊस पडला का नाय, ते मेलेल्यांकडून कळतं.”

“हो. तसंच.”

“मग बरोबर हाय. जिवंत माणूस पावसाबद्दल खरं कधी बोलत नाय.”

पुढच्या संध्याकाळी मी पोचलो तर त्यांचा प्रश्न तयारच होता. “माणूस नव्हता तेव्हा पण हवा बदलायची, बरोबर? पण मग कशाने?”

“आपोआप, आप्पा. निसर्गाने.”

“आपोआप काय नसतंय रे. साचा आपोआप चालायचा काय? लोकांना वाटायचं चालतो. मागे पट्टा असायचा, पट्ट्यामागे मोटर असायची. पृथ्वीचा पट्टा कुठाय ते सांग.”

मी हसलो, पण त्या प्रश्नाने माझी झोप उडाल्यासारखं झालं. कितीतरी वर्षांनी मी कॉलेजातलं सगळं आठवायला लागलो. मी त्यांना सांगितलं की पट्टा एक नाही, बरेच आहेत. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तो रस्ता कधी गोल असतो, कधी लांबट होतो. तिचा अक्ष कललेला आहे, आणि हा कलसुद्धा थोडा कमीजास्त होतो. शिवाय ती भोवऱ्यासारखी डुलते. भोवऱ्याची गती मंदावली की त्याचं डोकं गोल फिरतं, तसं. फक्त एक डुलणं पुरं व्हायला पंचवीस-सव्वीस हजार वर्षं जातात. त्यामुळे कधी आपल्या उन्हाळ्यात सूर्य जवळ असतो आणि कधी आपल्या थंडीत. उन्हाळ्यात जवळ असला की जमीन जास्त तापते, समुद्राचा वारा जास्त ओढला जातो, पाऊस जोरात होतो.

“आणि आता कधी जवळ असतो?”

“आता जानेवारीत.”

“जा रे! थंडीत सूर्य जवळ?” त्यांनी शेजारच्या बाईंना हाक मारली. “अहो, ऐकलं का? जावई म्हणतो थंडीत सूर्य जवळ असतो.” बाई मिरच्या गोळा करता करता म्हणाल्या, “दुपारचं ऊन लागलं असंल त्यांना.” आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाठ चोळत बसलो.

असं रोज चालायचं. एक दिवस मी साइटवरून काळ्या पाषाणाचा तुकडा नेला. म्हटलं, हा लाव्हा आहे. अख्खी मुंबई गोठलेल्या लाव्ह्यावर बसली आहे, गिरगावपासून शीवपर्यंत. कधीकाळी इथे जमीन फाटून आग बाहेर यायची. आजही जगात कुठे मोठा ज्वालामुखी फुटला तर त्याचा गंधकाचा धूर वर जाऊन पसरतो, ऊन अडवतो, आणि वर्ष-दोन वर्षं सगळीकडे हवा जरा गार होते. आप्पांनी तो दगड दोन्ही हातांत धरला. “अजून गरम हाय,” म्हणाले. माझ्या बॅगेत उन्हाने तापला होता. पण मी काही बोललो नाही.

एक दिवस प्रशांत महासागराचं सांगितलं. तिकडचं कोमट पाणी दर काही वर्षांनी पूर्वेकडे सरकतं आणि इकडे आपला पाऊस रोडावतो. एक दिवस हिमयुगाचं. सगळं पाणी बर्फात अडकलेलं, समुद्र इतका मागे गेलेला की गिरगाव चौपाटीवरून निघालेल्या माणसाला पाण्यापर्यंत पोचायला कित्येक दिवस चालावं लागलं असतं. “नि मधे काय होतं?” त्यांनी विचारलं. “जमीन. झाडं. नद्या.” “मग माणसं पण असतील. त्यांची घरं पण खालीच असतील.” मला हे कधी सुचलं नव्हतं.

मला त्या संध्याकाळी आवडायला लागल्या होत्या आणि तरीही त्या मला डसायच्या. कारण मी गेलो की आप्पा खिडकीतून खाली कुणाला तरी सांगत, “माझी पोरगी समुद्राच्या तळातून पाऊस काढते.” जिन्यात मला ते ऐकू यायचं. तासभर सांगितलं मी, घसा माझा कोरडा पडला आणि पाऊस काढला तिने. खरंच तिनेच काढला होता. त्याला काय म्हणणार? मी खाली उतरून बर्फाचा गोळा घ्यायचो, कालाखट्टा, आणि तो संपेपर्यंत सुजाताबद्दल वाईट विचार करायचो.

मग एकदा आप्पांनी तो प्रश्न विचारला ज्याची मी वाट बघत होतो. “म्हणजे आता एवढं गरम होतंय, ते पण या पट्ट्यांनीच? मग आपला काय दोष?”

“नाही, आप्पा. म्हणून तर तिचं काम महत्त्वाचं. हे निसर्गाचे सगळे पट्टे लोकांनी तपासून बघितले. पृथ्वीचं डुलणं फार हळू चालतं. सूर्याची शक्ती जराशी कमीजास्त होते, पण तेवढ्याने भागत नाही. ज्वालामुखी तर उलट गार करतात. सगळं जमेला धरलं तरी आत्ताच्या गरमीचा हिशोब लागत नाही. उरतो तो माणसाचा धूर.”

समोर, पार पलीकडे, एक बंद गिरणीचं धुराडं अजून उभं होतं. तिकडे बघत आप्पा म्हणाले, “आमचा पण?”

“थोडा.”

“धूर वर सोडला नि कापूस छातीत घेतला,” ते म्हणाले. “दोन्हीकडून आम्हीच.” आणि मग जरा वेळाने, “तिला सांग, हे पण लिही म्हणावं.”

त्यानंतर आठवड्याभरात त्यांची छाती भरली. डॉक्टरांनी ताबडतोब हॉस्पिटलात न्यायला सांगितलं. ऑक्सिजनची नळी लावली. ती लावून घेताना आप्पांनी माझं मनगट धरलं. “सुजाताला सांगू नकोस. ती येईल म्हणेल. जहाज काय टॅक्सी हाय वळवायला?”

जहाज वळणार नव्हतं हे खरंच होतं. सांगितलं तर ती तिथे तडफडत राहणार आणि न सांगितलं तर मला आयुष्यभर माफ करणार नाही. पण माझी अडचण वेगळी होती. माझा मलाच भरवसा नव्हता. मी तिला कळवलं तर ते तिच्या काळजीपोटी, की तिच्या डोक्यावरचं ते निळं आभाळ काळं करायचं म्हणून? आणि नाही कळवलं तर आप्पांच्या शब्दाखातर, की हे दिवस एकट्या माझे राहावेत म्हणून? हॉस्पिटलच्या आवारात एका पारावर मी बराच वेळ बसून राहिलो. हेव्याने माझ्या दोन्ही वाटा नासवून ठेवल्या होत्या. शेवटी एवढंच मनाशी म्हटलं की आप्पांच्या जागी माझी आई असती आणि मी जहाजावर असतो, तर सुजाताने मला सांगितलं असतं. पुढचा फोन आला तेव्हा मी सांगितलं. दोन श्वास गेले. मग तिचा आवाज आला, “उद्या दुपारी फोन करते. त्यांच्या कानाला धर.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोबाइल आप्पांच्या कानाला धरला. मला वाटलं, आता रडारड होईल. आप्पांनी विचारलं, “पाणी किती खोल हाय तुझ्याखाली?” तिने काहीतरी सांगितलं. आप्पांचे डोळे मोठे झाले. “बापरे. नि जेवतेस ना वेळेवर?” मग ते नुसते ऐकत राहिले. ती भरभर बोलत होती, मला शब्द कळत नव्हते, नुसती लय ऐकू येत होती. आप्पा हं, हं करत होते. मधेच लाइन तुटली. तरी थोडा वेळ ते हं म्हणत राहिले.

मी फोन खिशात ठेवला. ते माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “काय सांगत होती कुणास ठाऊक. ती बोलते ते मला कधी समजलंच नाय रे. लहानपणापासून फास्ट. मी आपलं हं म्हणतो. तू सांगतोस ते समजतं.” दम घेऊन पुढे म्हणाले, “तिला बोलू नकोस हां. वाईट वाटेल तिला. नि ती लाव्ह्याची गोष्ट राहिली, पुढे सांग.”

मी पुढे सांगितली. त्यांचा डोळा लागला. दोन दिवसांनी, दुपारच्याच वेळी, आप्पा गेले.

चाळीतल्या माणसांनी सगळं केलं. त्रिसरण, पंचशील झालं. खांदा मी दिला. उन्हाने रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं. सुजाताला फोनवर सांगितलं तेव्हा त्या दोन श्वासांच्या अंतरात मी जे ऐकलं, ते इथे लिहीत नाही.

ती आली ती पुण्यानुमोदनाच्या विधीच्या आदल्या दिवशी. रापलेली, ओठ फुटलेले, केसांत खारट वास. गोदीच्या गेटातून बाहेर आली आणि माझ्याजवळ न येता आधी आजूबाजूला बघितलं. आप्पा उभे असतील असं तिला क्षणभर वाटलं असावं. घोडपदेवच्या खोलीत ती खिडकीशी, त्यांच्या जागी बसली. माणसं आली, बोलून गेली. जो तो मला सांगत होता, “जावयाने मुलासारखं केलं.” तिच्यासमोर. ती मान हलवायची. हातातला तो काळा दगड या हातातून त्या हातात घ्यायची.

सगळे गेल्यावर म्हणाली, “सांग.”

“काय?”

“सगळं. मी गेल्यापासून.”

मी सांगायला लागलो. मिरच्यावाल्या बाई, थंडीतला सूर्य, साच्याचा पट्टा. ती हसली, मग थांबली. तिचा चेहरा असा बदलला की मला आधी कळेना. मग ओळखला. तो चेहरा मी रोज आरशात बघत होतो.

“हे तुला मिळालं,” ती म्हणाली. “रोज संध्याकाळी. मला बापाबरोबर अशा चार संध्याकाळी सलग कधी मिळाल्या नाहीत. आधी अभ्यास, मग कॉलेज, मग लॅब. तुला मिळाल्या.”

“तूच सांगून गेली होतीस बघायला.”

“माहितीये रे. म्हणून तर राग पण काढता येत नाही. नुसती जळतेय.”

खरं सांगू? पहिल्यांदा मला बरं वाटलं. इतकी वर्षं मी ज्या बाजूला उभा होतो, तिथे आज ती उभी होती. पण ते बरं वाटणं फार टिकलं नाही. कुणाला आपला हेवा वाटला की आपण श्रीमंत होतो अशी माझी समजूत होती. तसं काही होत नाही. समोर एक रापलेली बाई बसली होती, तिचा बाप गेला होता आणि तिला जे हवं होतं ते माझ्या डोक्यात होतं. ते काढून तिच्या हातात ठेवता येत नव्हतं.

“एक विचारू?” ती म्हणाली. “खरं सांग. शेवटच्या फोनवर मी त्यांना सगळं सांगत होते. कोअर कसा निघाला, जुना पावसाळा कसा दिसला. त्यांना समजत होतं का?”

आप्पांनी बजावलं होतं. शिवाय ते वाक्य माझ्यासाठी सोन्यासारखं होतं. सगळ्या जगात एकाच माणसाने मला तिच्यापेक्षा वर ठेवलं होतं, आणि तो तिचा बाप होता. मी ते कुणालाही द्यायला तयार नव्हतो. पण तिने खरं सांग म्हटलं होतं.

“नाही,” मी म्हणालो. “तू फार भरभर बोलतेस, असं म्हणाले. लहानपणापासून.”

“आणि तुझं?”

“माझं समजायचं म्हणाले.”

गॅलरीतून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी आली. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली, आल्यापासून पहिल्यांदाच. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झटकला. मग पुन्हा स्वतःच धरला.

ती आता मोठी झाली आहे, तिच्या क्षेत्रात. तिच्या नावावर पुष्कळ काही आहे. तिच्या हाताखालची मुलं जहाजांवर जातात आणि फोनवर ‘आम्ही’ म्हणतात. तिच्या एका लेखात, गिरण्यांच्या धुराबद्दल, एक वाक्य आहे ज्याचा मालक मला माहीत आहे. माझ्या पेट्या अजूनही फेकल्या जातात. हेवा गेला का? नाही. यंदाच्या मोहिमेसाठी तिने पुन्हा बॅग काढली तेव्हा माझ्या तोंडाला कडू चव आलीच. ती मला ओळखून आहे, म्हणून बॅग भरताना माझ्याकडे बघत नाही. मीही तिला ओळखून आहे. आप्पांचं नाव निघालं की तिच्या कपाळावर एक बारीक आठी पडते.

परवा साइटवरून घरी आलो. आई आत झोपली होती. उघडी बॅग पलंगावर तशीच ठेवून सुजाता जमिनीवर, फरशीच्या गारव्यात बसली होती. मला म्हणाली, “बस. सांग ना.”

“काय सांगू?”

“पृथ्वी कशी डुलते ते. आप्पांना सांगितलंस तसं. मधे ते काय बोलले ते पण.”

जगातल्या मोठमोठ्या सभांमध्ये हाच विषय शिकवून येणारी बाई पाय पसरून माझ्यासमोर बसली होती. मी शर्टाची बटणं सोडली, भिंतीला टेकलो आणि सुरुवात केली. पृथ्वीचा रस्ता, तिचा कल, भोवरा. सावकाश सांगितलं. एके ठिकाणी मी चुकलो, कलाची एकेचाळीस हजार वर्षं डुलण्याला लावली. माझं मलाच ते लगेच कळलं. तिचे ओठ हलले, मिटले.

“मग?” ती म्हणाली. “मग आप्पा काय म्हणाले?”